तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

वाचकाचे पत्र

“आम्ही कोथरूडला राहतो. घरात आई-वडील, आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा अशी सहा माणसे आहोत. सध्याची छोटी गाडी अकरा वर्षांची झाली आहे. सगळ्यांनी मिळून कुठे जायचे म्हटले की एक तर भाड्याची गाडी करावी लागते, नाहीतर कोणीतरी घरी थांबते, आणि थांबणारी बहुतेक वेळा आईच असते. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. गाव चिपळूणजवळ असून गणपती, शिमगा आणि मे महिना अशा तीन वेळा तिकडे जाणे होते. मी हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी एरवी शहरात थोडीच फिरते. १५ ते १८ लाखांची तयारी आहे, ओढूनताणून २५. मेहुणे म्हणतात, घ्यायची तर मोठी डिझेल एसयूव्हीच घे. पत्नीच्या मनात इनोव्हा आहे. कंपनी चार वर्षांच्या लीजवर गाडी देते आणि त्यात बराच कर वाचतो, असे सहकारी सांगतात. मात्र दोनेक वर्षांत नोकरी बदलण्याचा माझा विचार आहे. काय करावे?”

उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्रात गाड्यांची नावे, इंधन आणि कर यांची चर्चा असली, तरी निर्णय ज्यावर ठरायला हवा ती गोष्ट आपण एका ओळीत लिहून पुढे गेला आहात: घरी थांबणारे माणूस बहुतेक वेळा आईच असते. आपल्याला मोठी गाडी नको आहे, सहावी जागा हवी आहे, आणि ती जागा अशी हवी की तिथे बसणाऱ्याला आपण उगाच आलो असे वाटू नये. सात आसनी गाड्यांच्या मालकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांत इंजिनाबद्दल तक्रार क्वचित असते. तक्रार असते ती तिसऱ्या रांगेबद्दल. घेताना ती कोणी नीट पाहिलेली नसते, आणि घेतल्यावर तिथे कोणी बसायला तयार नसते. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी कागदावर बैठक मांडा.

आपण चालवणार. शेजारच्या आसनावर वडील बसावेत, कारण ते मागे सरकवून गुडघे लांब करता येतात आणि दार मोठे उघडते. उरले चौघे. इथे विक्री प्रतिनिधी आपल्याला सहा आसनी प्रकार दाखवील, ज्यात मधल्या रांगेत हाताच्या टेकूसह दोन स्वतंत्र खुर्च्या असतात. दिसायला हा प्रकार देखणा आहे, आणि ‘आपण सहाजण, आसनेही सहा’ हा हिशेब पटकन पटतो. माझा सल्ला मात्र मधल्या रांगेत सलग बाक असलेली सात आसनी गाडी घेण्याचा आहे. कारण सहा आसनी गाडीत सहाजण बसले की तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही जागा भरतात आणि सामानाला फक्त मागच्या दाराआडची फट उरते. सात आसनी गाडीत आई, पत्नी आणि मुलगा मधल्या बाकावर बसतील, मुलगी तिसऱ्या रांगेत एका बाजूला बसेल आणि तिच्या शेजारचा अर्धा भाग पाडून तिथे बॅगा ठेवता येतील. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची तिसरी रांग अर्धी-अर्धी पाडता येते, आणि आपल्यासारख्या सहाजणांच्या कुटुंबाला तिचा खरा उपयोग तोच आहे. गावाहून परतताना आत्या किंवा मावशी सोबत निघाली, तर सातवी जागाही उघडता येते.

सामानाची ही बाब किरकोळ समजू नका. सातही आसने वापरात असताना मारुतीच्या एर्टिगामध्ये मागे २०९ लिटर जागा उरते, कियाच्या कॅरेन्समध्ये २१६ आणि टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये ३००. चार मीटरच्या आत बसवलेल्या रेनॉच्या ट्रायबरमध्ये ती ८४ लिटर आहे, म्हणजे दोन पाठीवरच्या पिशव्यांपुरतीच. चिपळूणहून मे महिन्यात परतणाऱ्या गाडीत आंब्याच्या पेट्या, कोकमाचे डबे आणि फणसाचा वास असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. टपावर कॅरिअर लावून हे भागते, असे काहीजण म्हणतात. परंतु भरलेल्या कॅरिअरने गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटाच्या वळणावर तो जाणवतो.

आता शोरूममध्ये जाण्याविषयी. बहुतेक कुटुंबांत नवरा-बायको गाडी पाहून येतात आणि आईवडील ती पूजेच्या दिवशीच पाहतात. आपण उलट करा. पहिल्याच भेटीत दोघांनाही न्या, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, म्हणजे मागे रांग नसेल. वडिलांना नुसते बसवून ‘कसे वाटते?’ असे विचारू नका, कारण घरातला वडीलधारा माणूस ‘ठीक आहे’ असेच म्हणतो. त्यांना तीन-चार वेळा चढायला आणि उतरायला लावा, आणि पाहा की बसताना ते आसनावर टेकतात की वर चढतात, उतरताना पाय थेट जमिनीला लागतो की अधांतरी राहतो, हात आधाराला दाराच्या खांबाकडे जातो की छताच्या कडीकडे. कृत्रिम गुडघ्याला सर्वांत कठीण जाते ते वाकलेल्या अवस्थेत शरीराचा भार उचलणे. बैठक कमरेच्या उंचीला असली की माणूस बाजूला वळून सहज टेकतो. ती फार खाली असेल तर उठताना त्रास होतो आणि फार वर असेल तर चढताना. आईंना त्या नेहमी नेसतात ती साडी नेसूनच यायला सांगा. लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या शिडीवजा सांगाड्यावर, बांधलेल्या उंच एसयूव्हीमध्ये साडीतल्या बाईला फूटबोर्डवर पाय ठेवून, एका हाताने निऱ्या सावरत आणि दुसऱ्या हाताने कडी धरत आत शिरावे लागते. पावसाळ्यात तो अरुंद फूटबोर्ड ओला आणि चिखलाने निसरडा झालेला असतो. ही अडचण माहितीपत्रकात कुठेही छापलेली नसते.

मुलीला तिसऱ्या रांगेत स्वतः जाऊ द्या. मधले आसन पुढे पाडण्याचा पट्टा किंवा बटण तिला एकटीला जमते का, जाताना मधल्या आसनाचा सीटबेल्ट पायात अडकतो का, आत बसल्यावर गुडघे समोरच्या पाठीला टेकतात का, एसीचा झोत तिथवर पोहोचतो का, हे तिच्याकडूनच कळेल. कॅरेन्समध्ये एक बटण दाबले की मधले आसन आपोआप पुढे कलंडते. मुलांच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. तिसऱ्या रांगेत तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि डोक्याचा आधार दोन्ही हवेत. धाकट्याला अजून उंची वाढवणारे बूस्टर आसन लागेल. लहान मुलांचे आसन अडकवण्याचे आयसोफिक्स आकडे सहसा मधल्या रांगेतच दिलेले असतात, म्हणून त्याची जागा मधल्या रांगेत खिडकीशी ठेवा. शिवाय घरात कोणाला गाडी लागते, हेही आत्ताच विचारात घ्या. मागच्या चाकांच्या वर बसणाऱ्याला हेलकावे जास्त बसतात आणि तिसऱ्या रांगेच्या काचा उघडत नाहीत. चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात ज्याचा चेहरा पांढरा पडतो, त्याला तिथे बसवणे म्हणजे दर दोन वळणांनी गाडी थांबवणे. मुलीला तो त्रास होत असेल, तर घाटापुरती आपली पत्नी मागे आणि मुलगी मधल्या रांगेत, अशी अदलाबदल करावी लागेल. मग पत्नीलाही तिसऱ्या रांगेत बसवून पाहणे आलेच.

मेहुण्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. मोठी डिझेल एसयूव्ही महामार्गावर ठाम चालते, भरल्या गाडीने घाट चढताना तिच्या इंजिनाला धाप लागत नाही, आणि सुरक्षेच्या बाबतीतही या वर्गातल्या काही गाड्या उजव्या आहेत. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाचपैकी पाच तारे मिळाले, आणि २०२३ च्या डिसेंबरात भारत एनकॅप या आपल्याकडच्या धडक-चाचणीचे जे पहिले निकाल लागले त्यांत आपल्या पुण्यातच बनणारी सफारी पाच ताऱ्यांसह होती. या गाड्यांचे मालक समाधानी असतात, पण समाधानी असणारे बहुधा ते असतात जे दर आठवड्याला मुंबई, नाशिक किंवा सोलापूर करतात. आपली गाडी वर्षातले बहुतेक दिवस कोथरूड ते कर्वे रोड, मंडई, दवाखाना, मुलांचे वर्ग एवढीच फिरणार आहे, आणि नेमक्या याच वापरात आजचे डिझेल इंजिन कुरकुरते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ही काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन काही वेळ सलग वेगात आणि चांगले तापलेले असावे लागते. दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मालकाला केवळ जाळी साफ करण्यासाठी गाडी घेऊन महामार्गावर जावे लागते; तेवढ्यावर भागले नाही तर सर्व्हिस सेंटरची फेरी ठरलेली. काही डिझेल गाड्यांत याशिवाय युरियाचे द्रावणही वेळोवेळी भरावे लागते.

पैशाचा हिशेबही आपल्या बाजूने लागत नाही. समजा, वर्षाला ९,००० किलोमीटर होतात, पेट्रोल गाडी लिटरला ११ आणि डिझेल गाडी १४ किलोमीटर देते. आजच्या भावांत हा फरक किलोमीटरमागे साधारण तीन रुपयांचा, म्हणजे वर्षाला २७,००० च्या आसपास येतो. त्याच गाडीचा डिझेल प्रकार दीडेक लाखांनी महाग असतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी मोटार वाहन कर १२ टक्के आहे, तर डिझेलला १४. हा जास्तीचा खर्च भरून निघायला सहा-सात वर्षे जातील. डिझेल गाडी दहा वर्षांतच भंगारात जाते अशी भीती मेहुण्यांच्या विरोधकांनी घातली असेल, तर तीही मनातून काढा. ती भीती दिल्ली आणि परिसरातल्या नियमावरून आलेली आहे, पुण्यात तो नियम नाही.

सीएनजी आपल्याला नको. एर्टिगाच्या सीएनजी प्रकारात टाकी मागच्या सामानाच्या जागेतच असते, आणि तीच जागा मिळवण्यासाठी आपण ही सगळी यातायात करत आहोत. विजेवरच्या सात आसनी गाड्याही आता बाजारात आहेत आणि आपला शहरातला वापर त्यांना अगदी योग्य आहे, परंतु सोसायटीत आपल्या जागेवर चार्जर बसवण्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पार्किंगची जागा मेजपट्टीने मोजा, अंदाज नको. एर्टिगाची लांबी सुमारे ४.४ मीटर, कॅरेन्सची ४.५४, हायक्रॉसची ४.७५ आहे. स्कॉर्पिओ-एनची रुंदी आरसे सोडून १.९२ मीटर भरते. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत दोन खांबांच्या मध्ये अशी गाडी उभी राहते, पण नंतर दार वीतभरच उघडते, आणि वडिलांना गाडी बाहेर काढल्यावर रस्त्यावर उभे राहून बसावे लागते. आपली जागा यांत्रिक पार्किंगमध्ये असेल तर त्या यंत्रावर लावलेल्या पाटीवरची वजनाची आणि उंचीची मर्यादा वाचा. कागदोपत्री बसणारी गाडी कॅरिअर लावल्यावर वर अडकते.

गावच्या रस्त्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण ‘कोकणात जायचे तर एसयूव्हीच हवी’ हे वाक्य आपल्याला ऐकवले जाणारच. खंबाटकी चढून, उंब्रजला वळून, पाटण आणि कोयनानगरवरून कुंभार्ली उतरणारा आपला रस्ता डांबरी आहे. त्यावर फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही. घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात गाडीखालची उंची महत्त्वाची ठरते. एर्टिगाची ती १८५ मिलिमीटर आहे आणि कॅरेन्सची १९५. मात्र सहा माणसे आणि सामान भरल्यावर गाडी मागून बसते. म्हणून निघण्यापूर्वी चालकाच्या दाराशी चिकटवलेल्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेली हवा टायरात भरा, जी रोजच्या हवेपेक्षा जास्त असते. कुंभार्ली उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, स्वयंचलित गिअर असेल तर तो हाताने खाली आणा. भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि पायाखाली दबत जातात. इंजिनाची ताकद मात्र पाहिलीच पाहिजे. ट्रायबरचे एक लिटरचे ७२ अश्वशक्तीचे इंजिन शहरात गुणी आहे, पण सहाजण, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना मागे ट्रकची रांग लावते.

या सगळ्यातून गाळत आलो तर माझी पहिली पसंती कॅरेन्सच्या वर्गातल्या, पेट्रोल इंजिनाच्या, सात आसनी गाडीला आहे. आपल्या १५ ते १८ लाखांत ती चांगल्या प्रकारात बसते, बैठक कमरेच्या उंचीला येते आणि तिसऱ्या रांगेत जाणे मुलांना जमते. एर्टिगा तिच्याहून स्वस्त, हलकी आणि चालवायला काटकसरी आहे, देखभालीचा खर्चही कमी आहे, आणि पुण्यातल्या कोणत्याही पेठेत ती सहज वळते. तरी सुरक्षेचा मुद्दा मी लपवणार नाही: ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या निकालात एर्टिगाला प्रौढ प्रवाशांसाठी एकच तारा मिळाला होता, तर कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन. त्यानंतर एर्टिगामध्ये सहा एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यात आल्या, पण एअरबॅग वाढल्याने गाडीचा सांगाडा बदलत नाही.

आपल्या पत्नीची निवड चुकीची नाही. २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आलेल्या इनोव्हाने महाराष्ट्रातल्या कुटुंबांचा जो विश्वास मिळवला, तो जाहिरातीने मिळवलेला नाही. तिच्या मधल्या रांगेत बसून गोव्यापर्यंत गेलेला माणूस तिचे नाव विसरत नाही. आज तिचे दोन प्रकार समोर येतात. क्रिस्टा ही लॅडर फ्रेमवरची, मागच्या चाकांनी ओढली जाणारी डिझेल गाडी आहे, आणि डिझेलबद्दल वर लिहिले ते तिलाही लागू आहे. हायक्रॉस ही पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, पेट्रोलवरची आणि जमिनीला जरा जवळ असलेली गाडी. तिचा हायब्रिड प्रकार शहरात पेट्रोलची मोठी बचत करतो आणि त्याच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे, पण तो पुण्यात रस्त्यावर येईपर्यंत ३० लाखांच्या पुढे जातो. तेवढा जादा खर्च भरून काढण्याइतके आपण गाडी चालवणारच नाही. हायब्रिड नसलेली साधी पेट्रोल हायक्रॉस आपल्या ताणलेल्या २५ लाखांत येऊ शकते. हातात दहा लाख रोख असतील आणि पार्किंग बसत असेल, तर मी तिला हरकत घेणार नाही. नोकरी बदलण्याच्या बेतात असताना कर्ज काढून तो ताण घेऊ नये, इतकेच.

वापरलेली क्रिस्टा घेण्याचा विचार मनात आला, तर एक गोष्ट जरूर तपासा. या गाड्या पर्यटन व्यवसायात फार चालतात आणि त्यांतल्या काहींची पिवळी पाटी काढून त्या नंतर पांढऱ्या पाटीवर विकल्या जातात. गाडी आधी व्यावसायिक नोंदणीत होती का, किती मालक झाले, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे नोंदणीच्या कागदांवर आणि सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर पाहता येते. मीटरवरचा आकडा सर्व्हिसच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहा. चालकाच्या आसनाची झिजलेली कड आणि गुळगुळीत झालेले पेडल हे मीटरपेक्षा प्रामाणिक असतात.

आता लीज. सहकारी सांगतात त्यात तथ्य आहे. कंपनीच्या योजनेत गाडीचे मासिक भाडे आपल्या पगारातून कर लागण्याआधी वजा होते, योजनेनुसार इंधन आणि देखभालीचा खर्चही त्यात घेता येतो, आणि त्याबदल्यात गाडीच्या वैयक्तिक वापराबद्दल एक ठरावीक रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नात मिळवली जाते. इंजिन १.६ लिटरच्या आतले असेल तर ही रक्कम कमी, वरचे असेल तर जास्त. समजा भाडे महिना ४०,००० रुपये आहे आणि आपण ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तर उपकरासह दरमहा साधारण १२,००० रुपयांचा कर टळतो, ज्यातून त्या ठरावीक रकमेवरचा कर वजा करायचा. आकडा आकर्षक आहे. सहकारी सांगायचे विसरतात ते असे: भाड्यातच लीज कंपनीचे व्याज आणि जीएसटी असतो, चार वर्षांनी गाडी आपली होत नाही, करारात ठरलेली उर्वरित किंमत भरून ती विकत घ्यावी लागते, आणि मध्येच नोकरी सोडली तर करार मोडण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो. म्हणजे उरलेले मुद्दल, दंड आणि त्यावरचा कर एकरकमी भरून गाडी घ्यायची, नाहीतर नवी कंपनी तो करार स्वीकारते का याची वाट पाहायची. स्वीकारणाऱ्या कंपन्या आहेत, पण ते आपल्या हातात नसते.

लीज ज्यांना मानवते त्यांचे चित्र असे असते: नोकरी स्थिर, कराचा टप्पा वरचा, आणि दर चार वर्षांनी गाडी बदलण्याची हौस. आपण सध्याची गाडी अकरा वर्षे वापरली आहे आणि दोन वर्षांत नोकरी बदलणार आहात. चार वर्षांचा करार दोन वर्षांत मोडणे हा कर वाचवण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. तेव्हा लीज नको, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरीचा बेत रद्द झाला आणि पुन्हा विचार करावासा वाटला, तर तीन गोष्टी मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. मध्येच नोकरी सोडल्यास किती पैसे भरावे लागतील याचा महिनावार तक्ता, वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, आणि गाडीची नोंदणी कोणाच्या नावावर होणार. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला मोटार वाहन कर व्यक्तीपेक्षा जास्त पडतो आणि तो अखेर भाड्यातूनच वसूल होतो.

कर्ज घेताना हप्ता लहान दिसावा म्हणून सात वर्षांची मुदत सुचवली जाते. १५ लाखांवर नऊ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता सुमारे ३१,१०० रुपये येतो आणि सात वर्षांचा २४,१००. सात हजारांची ही सवलत घेताना एकूण व्याज मात्र सुमारे १ लाख ६० हजारांनी वाढते. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी खालच्या प्रकारातली घ्या. छतावरची काच, रंगीत दिवे आणि आसनांना थंड हवा यांच्याविना आपले काही अडणार नाही.

बिलाविषयी थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे त्याआधीच्या किमती सांगणाऱ्यांवर विसंबू नका. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो आपल्या प्राप्तिकर विवरणात वळता करून घेता येतो, पण पुष्कळजण तो विसरून जातात. विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. घसारा न कापणारे आणि इंजिनात पाणी शिरण्याची जबाबदारी घेणारे असे दोन्ही जोड विमे घ्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना दुसऱ्या विम्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ बिलात दिसली तर ती काढायला सांगा. ठामपणे सांगितले की ती निघते.

खरे तर निव्वळ हिशेबाने पाहिले, तर चिपळूणच्या तीन फेऱ्यांना प्रत्येकी पंधरा-वीस हजार धरून भाड्याची गाडी करणे हे कोणत्याही खरेदीपेक्षा स्वस्त पडते, आणि प्रश्न फक्त त्या फेऱ्यांचा असता तर मी तेच लिहिले असते. पण चतुःशृंगीला, एखाद्या मुंजीला किंवा रविवारी संध्याकाळी सहज बाहेर पडायला कोणी भाड्याची गाडी करत नाही, आणि आई घरी थांबतात त्या याच वेळी. म्हणून गाडी घ्यावी.

चाचणीसाठी शोरूमभोवतीची फेरी मान्य करू नका. सहाही जणांना बसवून, एसी चालू ठेवून, चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटच्या घाटापर्यंत जाऊन या, आणि परतताना गाडी पत्नीला चालवू द्या. चढावर इंजिन किती ओरडते, मागून मुलीचे बोलणे पुढे ऐकू येते का, वळताना आईंचा हात कुठे आधार शोधतो, हे तेवढ्यात कळते.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देण्यापूर्वी बाहेर दोन ठिकाणी भाव काढा, कारण एक्स्चेंज बोनसचा आकडा पुष्कळदा जुन्या गाडीच्या किमतीतून आधीच कापलेला असतो. तिच्या विम्यावर दावे केले नसतील तर आपला नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला असेल. तो गाडीचा नसून आपला असतो, तेव्हा विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन नव्या गाडीच्या विम्याला लावा. आणि जुन्या गाडीचे हस्तांतर आरटीओत नोंदले गेल्याचे पाहिल्याशिवाय तिची दुसरी किल्ली कोणाच्या हाती देऊ नका, नाहीतर तिची चलने आपल्याच मोबाइलवर येत राहतील.